ऑपरेशनच्या टेबलाची चूल

ये इकडे, जवळ ये अशी. अंगानं तू पुण्यात बसली आहेस हे मला ठाऊक आहे, मनानं तरी ये. मागल्या खेपेला काय केलंस ते मी विसरले नाही. कोपऱ्यातल्या जुन्या चुलीचे चार फोटो काढलेस, "आजी, ही कोणी केली गं?" म्हणून विचारलंस, अन् मी पदर सावरून सांगायला बसते तोच तुझी गाडी दाराशी हॉर्न देऊ लागली. असं करू नये बाई. म्हाताऱ्या माणसाला प्रश्न विचारावा तर उत्तराला पुरेल एवढा वेळ घेऊन यावं. शेवटी मी लिहूनच काढलं. हातात घे, मांडी घालून बस, अन् मधून उठू नको.

ती चूल माझ्या सासूच्या धाकट्या भावानं केली. म्हणजे तुझ्या आजोबांचा सख्खा मामा. अमरावतीच्या एका जिनात तो फिटर होता, म्हणून लहानथोर सगळे त्याला फिटरमामा म्हणत. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, हे तुला सांगावं लागतं, काय करणार. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, राज्य गोऱ्याचं होतं, मोठी लढाई नुकतीच संपली होती. आमची शहराबाहेर भाजीची अन् फुलांची वाडी. मी त्या घरात नवी सून.

मामाला मी पहिल्यांदा ऐकलं, पाहिलं नंतर. माझ्या लग्नात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, मी मान खाली घालून उभी. तेवढ्यात बँडवाल्यांच्या बाजूनं आवाज आला, "थांबा जी, याची हवा जाऊन राहिली." मला वाटलं कोणाला तरी भोवळ आली. पाहते तर एक वाळका माणूस बँडवाल्याच्या हातातून पितळी भोंगा काढून घेतो आहे. भोंग्याला केसाएवढी चीर होती. ती कोणाला ऐकू आली नाही, त्याला आली. मंडपाच्या मागं नेऊन, कथलाचा डाख लावून, त्यानं ती बुजवली. शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा वाजायला भोंगाच नव्हता, तो मामाच्या मांडीवर निवत होता. माझं लग्न नुसत्या ढोलावर लागलं.

सवयीच तशा. कोणाच्याही घरी गेला की आधी बाज हलवून पाहायचा, मग बसायचा. दाराची बिजागरी, विहिरीचा रहाट, पाळण्याची कडी, काही सोडत नसे. "राम राम" म्हणायच्या ऐवजी "तुमच्या सायकलीची चेन रडून राहिली" असं म्हणायचा. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर असे, तो कधी डोळ्यांवर उतरला तर त्याला कळत नसे. एकदा भर दुपारी तसाच बाजारात गेला अन् लवकर अंधारून आलं म्हणून घाईघाईनं घरी परतला.

लोखंडाशी तर तो माणसाशी बोलावं तसा बोले. नवा तुकडा हातात आला की उलटापालटा करायचा, नखानं टिचकी मारायची, कानाशी धरायचा. "कोठचा रे तू? काय काय केलं आजवर?" मी एकदा विचारलं, "मामाजी, ते काय सांगणार आहे?" तर म्हणाला, "सूनबाई, सांगते ते. घाई करणाऱ्याले सांगत नाई."

अन् खोटं म्हणून बोलता येत नसे. हा त्याचा गुण म्हणावा की रोग, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याचं लग्न झालं नाही ते त्यापायीच. चांदूर रेल्वेला त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेले होते सगळे. मुलगी पसंत, चहा झाला, सुपारी फुटायची तेवढी बाकी. मुलीच्या बापानं उगीच बोलायचं म्हणून विचारलं, "पाव्हण्यायले काही खोड-गिड तं नाई ना?"

मामा म्हणाला, "हायेत ना जी. लिहून घेता का?"

मग एकेक सांगितली. घोरतो. झोपेत बडबडतो. जिनाचा भोंगा ऐकला का ताटावरून उठतो. डावा कान कामातून गेला आहे, बायको डाव्या बाजूनं बोलली तर फुकट जाईल. मुलीच्या बापानं हात जोडले. परतीच्या गाडीत त्याची बहीण बडनेरा येईपर्यंत बोलली नाही. बडनेऱ्याला म्हणाली, "काय गरज व्हती?" तर म्हणे, "बाई, तडा झाकून जोड मारला तं तडा आतून वाढते. म्हणून आत्ताच दाखवला."

आता या बहिणीचं सांगते, कारण गोष्ट तिच्या डोळ्यांची आहे. ती माझी सासू. मी तिला आत्याबाई म्हणत असे. यांची आई गेली तेव्हा मामा तीन वर्षांचा होता अन् आत्याबाई अकरा. त्या अकरा वर्षांच्या पोरीनं याला मांडीवर घेऊन चूल फुंकली. तिच्या डोळ्यांत गेलेला पहिला धूर याच्या भाकरीचा होता. अन् आपल्याकडचं सरपण म्हणजे काय, पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की उभी झाडं उपटायची अन् वर्षभर जाळायची. धडधड पेटते, पटकन विझते, दर घडीला पुढं सारावी लागते, अन् धूर असा काढते की समोरचा माणूस दिसू नये.

मी सून म्हणून आले तोवर आत्याबाईंचे डोळे लाल लाल अन् सदा वाहणारे. वांगं कोणतं अन् टमाटं कोणतं ते हातानं चाचपून सांगायच्या. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा. आहे ती नजर राहील, थोडी सुधारेल. धूर चालू राहिला तर दोन वर्षांनी काठी द्यावी लागेल हातात.

मी म्हटलं, स्वयंपाक मी करते. त्या म्हणाल्या, "तुह्या हातचं पिठलं तं ढोरं बी खात नाईत." चूल सोडायला तयार नव्हत्या. चूल सोडली की घर सोडलं असं त्यांना वाटत असावं. तेव्हा मला राग आला होता. आज माझी सून मला गॅसपाशी येऊ देत नाही, तेव्हा कळतं.

मामानं डॉक्टरचं बोलणं ऐकलं अन् जिनात गेला. तिथलं बॉयलर चांगलं पेटलं की धुराड्यातून धूरच दिसत नाही, हे तो वर्षानुवर्षं पाहत होता. आठ दिवसांनी आला अन् म्हणाला, "बाई, धूर घराबाहेर काढाचा नाईच. त्याले चुलीतच जाळून टाकाचं."

पहिली चूल केली घासलेटच्या डब्याची. पंधरवड्यात तिचं बूड जळून गेलं. दुसरी केली ड्रमच्या पत्र्याची. ती पावसाळ्यापर्यंत टिकली, मग पापुद्रे सुटून भाजीत पडू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "माह्या डोयांपायी आमच्या पोटात लोखंड घालतं का रे पोट्ट्या?" पोट्टं चाळिशीचं होतं.

मग एक दिवस तो अकोल्याला गेला. लढाईसाठी उभारलेला कुठला तरी फौजी दवाखाना मोडला होता, त्याचं भंगार अकोल्याच्या कबाड्यांकडं आलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं परत आला तो काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. बडनेऱ्याला त्याला पाहिलेला एक माणूस सांगत होता, खिडकीशी ते गाठोडं बसलं होतं अन् मामा दाराशी उभा. चादर सोडली तर आरशासारखा पत्रा. स्टेनलेस. हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आता तुमच्या घरात चमच्यापासून डब्यापर्यंत तेच, पण तेव्हा आमच्या घरी पितळ, तांबं अन् मातीचं. मामा म्हणाला, "हे गंजत नाई. जळत बी नाई लवकर. पण जोडून घेईन का नाई, ते याच्या मनावर हाये."

पावसाळ्यात जिन बंद असतं. मॅनेजरला त्यानं सरळ विचारलं, "सायेब, बहिणीच्या चुलीसाठी जिनाचा गॅस जाळू का?" असं विचारणारा कोणी भेटला नसेल, त्यानं हो म्हटलं. मग गॅसचं सामान बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, घालून वाडीत आणलं, गोठ्याशेजारच्या छपरात मांडलं. कार्बाईडच्या करड्या खड्यांवर पाणी पडलं की लसणासारखा घाण वास येई अन् निळा झोत फुसफुसू लागे. बैलांनी दोन दिवस कडबा खाल्ला नाही. मामानं मला एकदा काळा चष्मा लावून पाहू दिलं. झोताच्या टोकाशी ते पोलाद पाण्याच्या थेंबासारखं थरथरत होतं. मला वाटलं, आता खाली टपकेल. टपकलं नाही. मामाच्या हातासरशी पुढं सरकत गेलं.

पण पत्र्याचं मन काही वळेना. त्यानं साध्या लोखंडाची काडी वितळवून जोड भरला. दिसायला सुरेख. चार दिवस पावसाळी हवा लागली अन् बाकी पत्रा लखलखीत, नेमक्या जोडावर तांबूस रेघ. सगळं कापून पुन्हा केलं. या वेळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरळ जोडत गेला, तर पत्रा उन्हातल्या पापडासारखा वर उचलला. मामा जेवेनासा झाला. छपरात बसून पत्र्याकडं पाहत राहायचा. "सांगून राहिला काहीतरी," म्हणायचा, "माह्या डाव्या बाजूनं सांगून राहिला."

त्याच दिवसांत आत्याबाईंचं लुगडं काट्याला लागून फाटलं. नीट दिसत नव्हतं तरी शिवायला बसल्या. मी सुईत रिळाचा दोरा ओवून दिला, तर बोटानं चाचपून म्हणाल्या, "हा नोको. हा जाडा हाये, उद्या फाडून टाकंन." मग लुगड्याच्याच पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढला अन् माझ्याकडं दिला, "हा ओव." अन् फाटलेलं एका कडेनं शिवत गेल्या नाहीत. आधी या टोकाला एक टाका, मग त्या टोकाला, मग मध्ये. कपडा ताणून सारखा बसला, तेव्हा कुठं बारीक शिवलं.

मामा उंबऱ्यात, बहिणीनं बळंच हातात दिलेली भाकर खात होता. भाकरीचा घास हातातच राहिला. "बाई," तो म्हणाला, "तुले फिटर कोणी केलं नाई?"

उठला तो छपरात. त्याच पत्र्याच्या कडेची बारीक पट्टी कापली, तिचीच काडी केली. इथं एक टाका, समोर एक टाका, ओलं फडकं ठेवून निवू द्यायचं, मग दुसरा. तीन आठवडे लागले, पण जोडावरून हात फिरवला तर जोड कुठं आहे ते बोटाला कळेना. पऱ्हाटी वरून उभी टाकायची, ती जळत जळत आपोआप खाली उतरायची. सारायला नको, फुंकायला नको. आतला गळा अन् धुराची वाट स्टेनलेसची, भोवती राख भरायची, बाहेरून विटा रचायच्या. वर तवा, बाजूला भाताचं गंज, म्हणजे पातेलं. मी तर मनातल्या मनात दृष्ट काढली.

विटा रचायच्या आधी आत्याबाईंना आणून दाखवलं. त्यांनी सगळीकडून हात फिरवला. "गुळगुळीत हाये बाप्पा. कशाचा रे हा पत्रा?"

मी मामाला डोळ्यांनी खुणावलं, नको सांगू. दुसरा कोणी असता तर 'विलायती लोखंड' म्हणून मोकळा झाला असता.

"फौजी दवाखान्यातलं ऑपरेशनचं टेबल व्हतं, बाई. त्याचा वरचा पत्रा."

"ऑपरेशनचं म्हंजे?"

"माणसाले झोपवून कापतात ते."

आत्याबाईंनी हात काढून घेतला. "मेले असतीन त्याच्यावर कोणी."

"असतीन ना."

"अन् त्याच्यावर म्या भाकर करू?"

"भाकर तव्यावर होते, बाई. हा तं खाली राह्यते."

आत्याबाई उठल्या, जुन्या चुलीपाशी बसल्या, फुंकणी घेतली अन् धुरात फुंकू लागल्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तिथूनच म्हणाल्या, "लयच हौस असंन तं त्याले कौंडण्यपूरले ने. वर्धा माईत आंघोळ घाल. सुतक फेडून आण."

"बरं," मामा म्हणाला.

त्यांनी टोमणा मारला होता. पण मामाला टोमणे कळत नसत, सांगितलेलं काम कळत असे.

कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा असते. आम्ही दर साल झेंडू घेऊन जायचो. त्या वर्षी बंडीत झेंडूच्या टोपल्या अन् मध्ये गोधडीत गुंडाळलेली चूल. बैलांना जड होऊ नये म्हणून मामा सारा रस्ता पायी. नदीवर पोचल्यावर तो धोतर खोचून चुलीसकट पाण्यात उतरला. राखेनं घासली, तीनदा बुडवली, नाक धरायला तिला नाक नव्हतं एवढंच. काठावर ठेवली तर उन्हात अशी चमकू लागली की माणसं थांबून पाहू लागली.

"कोणता देव हाये जी?" एकानं विचारलं.

"चूल हाये," मामा म्हणाला.

"चुलीचा देव?"

"नाई जी, नुसती चूल. पऱ्हाटीवर चालते. ऑपरेशनच्या टेबलाची हाये."

लोक हसले. पण एक म्हातारी पुढं आली, कमरेच्या पिशवीतून कुंकू काढलं अन् चुलीला लावलं. "हसता काय रे? सारा जलम हिच्यापुढंच वाकली मी. इथं एकदा नीट वाकू द्या." तिच्यामागं दुसरी आली, तिसरी आली. तुझे आजोबा तेव्हा विशीचे, भलते चलाख. त्यांनी झेंडूच्या टोपल्या उचलून चुलीच्या शेजारीच मांडल्या. दुपार व्हायच्या आत आमचा सगळा झेंडू संपला. मामा प्रत्येक बाईला बजावत होता, देव नाही, चूल आहे. कोणी ऐकत नव्हतं.

हळदीकुंकवानं भरलेली चूल घरी आल्यावर आत्याबाईंची पंचाईत झाली. आपल्याच तोंडचं बोलणं. म्हणाल्या, "दूध उतू घालतो एक डाव, तुह्या मनासाठी. मंग चूल बाहेर ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल मांडली. घरची गाय आटली होती. तुझे आजोबा दुधासाठी सायकलीवर पळाले, घाईत टोपी घालायची राहिली. ते दूध घेऊन मागच्या वाटेनं आले. मामानं पऱ्हाटी पेटवली. क्षणभर धूर आला, आत्याबाईंनी सवयीनं तोंड फिरवलं, अन् मग मांजरीच्या गुरगुरण्यासारखा आवाज करत तो धूर आतल्या आत जळून गेला. आम्ही चौघं चुलीभोवती गप्प उभे. कवेलूकडं, म्हणजे छपराच्या कौलांकडं, पाहिलं तर धुराचा एक धागासुद्धा वर जात नव्हता.

अन् तेवढ्यात अंगणात रडण्याचा आवाज आला.

ही बायजाबाई, पलीकडच्या वाडीतली. दोन्ही वाड्यांच्या कुंपणात एक मुंगण्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं, त्याच्या शेंगा कोणाच्या यावरून ती अन् आत्याबाई चार वर्षं बोलत नव्हत्या. तू शहरातली, तुला सांगते, ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजार पिठलं-भाकर घेऊन येतो. बायजाबाईनं सकाळी पाहिलं, आमच्या घरावर धूर नाही. घरातून बोलणं नाही. घरचा मुलगा सुतकातल्यासारखा उघड्या डोक्यानं पळत गेला. आणि म्हातारीचे डोळे खराब, चालताना पडली असेल. सगळं जुळलं.

"अवं माय वं, गेली का वं तू," बायजाबाई रडत होती. "चार सालं बोलली नाई मी तुह्याशी. मुंगण्याच्या चार शेंगांपायी. तुह्याच व्हत्या वं त्या शेंगा, तुह्याच व्हत्या."

मी दाराकडं धावले, तर आत्याबाईंनी मनगट धरलं. "चूप. बोलू दे तिले."

"माह्या पोरीच्या बायंतपणाले तीन दिवस हालली नाई वं माह्या घरून. मले एका शब्दानं नाई बोलून दाखवलं."

आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. माझं मनगट सोडलं, चाचपत दारापर्यंत गेल्या.

"बायजे, कोण मेलं वं?"

बायजाबाईच्या हातात पिठल्याचं भांडं होतं. ते तिनं छातीशी धरलं. मग म्हणाली, "तू."

"कवा?"

"आज सकाळी."

"मले कोणी सांगतलं नाई."

मागं दोन बाया झाकलेली ताटं घेऊन उभ्या होत्या, अन् एक गडी बांबू किती लागतील ते विचारायला आला होता. बायजाबाई आधी मटकन खाली बसली, मग भडकली. "मेली नाई तं धूर कावून काढला नाई? माणसानं काय समजाचं?"

"शेंगा माह्या व्हत्या म्हणे," आत्याबाई म्हणाल्या. "चार जनांनी ऐकलं."

"ते तू मेली व्हती म्हणून. जितीच्या नाईत शेंगा."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या की रडल्या, मला सांगता येणार नाही.

एवढ्या गोंधळात मामा चुलीपासून हलला नव्हता. बाहेर त्याच्या बहिणीच्या नावानं रडारड, अन् हा वाकून ज्वाळ पाहतो आहे. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "बाई माह्या बाजूले उभी व्हती. मंग मी कावून घाबरू?" आम्ही आत गेलो तेव्हा तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "दूध उतू गेलं. पाहाले कोणीच नव्हतं."

बायजाबाईनं चुलीभोवती तीन फेऱ्या घातल्या. वाकून पाहिलं, नाक लावून पाहिलं. तिचेही डोळे काही धड नव्हते. म्हणाली, "तुमाले ठेवाची नसंन तं मले देऊन टाका."

मामा लगेच म्हणाला, "ऑपरेशनच्या टेबलाचा पत्रा हाये हा. याच्यावर माणसं मेली असतीन."

बायजाबाई म्हणाली, "वाचले बी असतीन ना काही. त्याच्यासाठीच तं असते ते."

आत्याबाईंनी हात पुढं केला, पत्र्याच्या वरच्या कडेवर ठेवला, चटका बसला तसा काढला, अन् म्हणाल्या, "बायजे, हात नोको लावू. माह्या भावानं माह्यासाठी केली हाये." मग मला, "पीठ आण. अन् पिठल्याचं भांडं बायजेच्या हातातून घे, किती येळ उभी राहीन ते."

त्या दिवशीची भाकर आत्याबाईंनी डोळे उघडे ठेवून केली. पुढच्या पावसाळ्यात मामानं बायजाबाईलाही एक करून दिली, उरलेल्या पत्र्याची.

डोळ्यांचं मात्र कोणी विचारत नव्हतं. मामा रोज येई, बहिणीच्या तोंडाकडं पाही, अन् जाई. पंधरा दिवसांत पाणी वाहायचं थांबलं. महिन्यानं लाली उतरली. पण दिसतं का, असं विचारायची त्याची छाती होत नव्हती. हा सगळ्यांना सगळं तोंडावर सांगणारा माणूस, अन् हे एक विचारू शकत नव्हता.

संक्रांतीच्या आधी मी तीळ निवडत होते. मामा बाजेवर बसला होता, अर्थात आधी ती हलवून. आत्याबाई माझ्या शेजारी आल्या, सुपात पाहिलं, अन् बोटाच्या चिमटीनं एक खडा उचलला. मग दुसरा. मग आणखी. "हे काय वं? डोये हायेत का बटनं? हे तीळ खाऊन माह्या लेकराचे दात जातीन." अन् मग सुरू झाल्या. माझं निवडणं, माझं माहेर, माझ्या आईनं मला काय शिकवलं अन् काय नाही. तीळ केवढा असतो बाई, अन् खडा त्याच्याच रंगाचा.

मला रडू आलं. मी आत जाऊन बसले. मामा मागून आला. त्याच्या तळहातावर ते खडे होते. अंगणात जो कोणी भेटेल त्याला तो ते दाखवून आला होता, बायजाबाईलासुद्धा. काळा चष्मा डोळ्यांवर उतरलेला होता, अन् त्याच्या खालून गालावर पाणी येत होतं.

"सूनबाई," तो म्हणाला, "तुले बोलणी बसली, मले समजते. तुही चूक नाई. पण उद्या बी दोन-चार खडे राहू देजो."

मी राहू दिले. उद्या, परवा, संक्रांत उलटून गेली तरी. तांदळात, डाळीत, जिऱ्यात. आत्याबाईंनी एकही सोडला नाही, अन् दर खड्याला मी बोलणी खाल्ली.

बस, एवढंच सांगायचं होतं. यावर फोन करू नको, मला फोनवर बोलता येत नाही. थंडी पडली की हुरडा होईल, वांगी लागलीच आहेत. चार दिवसांचे कपडे घे अन् ये. लवकर ये, बाई.